लोणारचे गुलाबी पाणी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे उल्कापाताने निर्माण झालेले खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. २०२० सालच्या जून महिन्यात त्याचे एरवी हिरवट दिसणारे पाणी अकस्मात गुलाबी झाले. पाणी बिघडले की काय, अशी शंका लोकांस आली. हा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही आला. पाण्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी' या संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी उलगडा केला, तो असा : उन्हाळ्याने पाणी आटले, क्षार वाढले आणि अतिखाऱ्या पाण्यातच सुखाने नांदणारे सूक्ष्मजीव अतोनात वाढले. तो गुलाबी रंग त्यांचाच!

पण मुलांनो, डोळ्यांना न दिसणाऱ्या या जीवाला रंग करावयास शिकविले कोणी? ती कृती त्याच्या पेशीतच लिहिलेली असते. पेशीत डीएनए नावाचा लांबच लांब धागा असतो. त्यावर चारच अक्षरांत सारा मजकूर मावतो. त्यातील एकेका कामाचा मजकूर म्हणजे एक जनुक. हा मजकूर आता यंत्राने वाचता येतो. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या हॅलोबॅक्टेरियम या सूक्ष्मजीवाचा सगळा मजकूर २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २५ लाख ७० हजार अक्षरे व अडीच हजारांहून अधिक जनुके आढळली.

तथापि अक्षरे वाचली म्हणजे अर्थ कळला, असे नव्हे. मोडी लिपीतील जुन्या कागदात एखादा अपरिचित शब्द आला, तर जाणकार तोच शब्द दुसऱ्या कागदांत कोठे आला आहे, हे पाहतात. शास्त्रज्ञही तसेच करतात. नव्या जनुकाचा मजकूर ते ओळखीच्या जनुकांशी ताडून पाहतात. साम्य दिसले, तर काम सारखे असावे असा तर्क बांधतात. हा तर्कच, पुष्कळदा तो खरा ठरतो, कधी फसतोही.

म्हणून पुढची परीक्षा घ्यावी लागते, आणि खरी गंमत तीत आहे. ते एकच जनुक निकामी करावयाचे व जीव वाढू द्यावयाचा. तो पांढरा निपजला, तर त्या जनुकावाचून रंग होत नाही, हे सिद्ध झाले. मात्र रंग त्या एकट्याने होतो, असे समजू नये. तो अनेक जनुकांच्या हातांखालून पायरीपायरीने तयार होतो. असे रंगहीन जीव प्रखर प्रकाशात अधिक लवकर मरतात, असेही आढळले. म्हणजे तो गुलाबी रंग ही त्यांची उन्हातली छत्रीच होय!

हॅलोबॅक्टेरियमच्या कित्येक जनुकांचे काम मात्र अद्याप कोणासही उमगलेले नाही.