‘अपेक्षित पगार’ : एका रकान्याचा अभ्यास

नोकरीच्या अर्जात नाव, पत्ता, शिक्षण हे रकाने भरताना कुणी अडत नाही. पेन थांबतं ते ‘अपेक्षित पगार’ या रकान्यापाशी. आपल्या मंडळात आपण कवितेतल्या एकेका शब्दाचा कीस पाडतो. या अंकासाठी मी हा रकाना घेतला आहे. निमित्त असं की माझी मावसबहीण यंदा जीएनएम झाली, आणि तिच्यासकट तिच्या बहुतेक मैत्रिणींनी तिथे एकच उत्तर लिहिलं होतं : ‘आपल्या नियमाप्रमाणे.’

आधी शब्द पाहू. ‘पगार’ मराठीत आला तो पोर्तुगीजांकडून. त्यांच्या भाषेत ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. म्हणजे देणं लागतं म्हणूनच दिलं जातं ते. ‘मानधन’ वेगळं, ते व्याख्यात्याला, कवीला, परीक्षकाला द्यायचं, मान म्हणून. ‘विद्यावेतन’ शिकणाऱ्याला. आता ज्या मुलीचं नाव राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेलं आहे आणि जी रात्रपाळीत अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळते, तिला पहिले सहा महिने ‘ट्रेनी’ म्हणून ‘विद्यावेतन’ का? शब्द बदलला की आकडा उतरतो, एवढंच त्याचं व्याकरण.

दुसरा शब्द ‘सिस्टर’. रुग्णसेवा एके काळी मठांतल्या धर्मभगिनी करत, त्यांच्यावरून तो रूढ झाला. आम्हा कॅथलिक घरांत तर नर्सिंगला ‘सेवा’च म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण धर्मभगिनी दारिद्र्याचं व्रत घेते तेव्हा तिचं जेवण, राहणं, आजारपण, म्हातारपण तिचा संघ सांभाळतो. स्टाफ नर्सने असं व्रत घेतलेलं नाही. तिच्या वडिलांनी फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं. ‘सेवेत पैशाचं काय बोलायचं’ असं म्हणणाऱ्याने आधी हा फरक बघावा.

मग आकडा किती लिहायचा? इथे एक माप उपलब्ध आहे आणि ते फार थोड्या मुलींना शिकवलं जातं. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराबद्दल ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीने शिफारस केली ती खाटांच्या हिशेबाने. २०० हून अधिक खाटा असतील तर त्या राज्यातल्या सरकारी परिचारिकेएवढाच पगार. १०० हून अधिक असतील तर फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी. आणि ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातसुद्धा २०,००० रुपयांच्या खाली नाही. ही शिफारस आहे, कायदा नव्हे. ती लागू करणं राज्यांवर सोपवलं गेलं आणि बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच राहिली. केरळमध्ये मात्र परिचारिकांनी संघटित होऊन लढा दिला, तेव्हा २०१८ मध्ये सरकारने खासगी रुग्णालयांसाठी २०,००० रुपये किमान मूळ पगाराची अधिसूचना काढली.

तुलनेसाठी : सातव्या वेतन आयोगानुसार केंद्र सरकारच्या नर्सिंग ऑफिसरचा सुरुवातीचा मूळ पगार ४४,९०० रुपये आहे, भत्ते वेगळे. आमच्या बेळगावात लहान नर्सिंग होममध्ये नव्या मुलीला तोंडी सांगितला जाणारा आकडा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

तोंडी सांगितलेला आकडा आणि हातात येणारी रक्कम याही दोन गोष्टी आहेत. समजा मूळ पगार १०,००० आणि भत्ते ६,००० आहेत. मूळ पगारावर पीएफचे १,२०० आणि एकूण पगारावर ०.७५ टक्क्याने ईएसआयचे १२० कापले, तर हातात १४,६८० राहतात. पण रुग्णालय स्वतःच्या वाट्याचे पीएफचे १,२०० आणि ईएसआयचे ५२० मिळवून ‘सीटीसी १७,७२०’ असं लिहितं. खोटं कुणीच बोललेलं नसतं, तरी घरी सांगितलेला आकडा आणि बँकेत आलेला आकडा यांत तीन हजारांची तफावत पडते. हॉस्टेल आणि मेसचे पैसे कापायचे असतील तर ते आणखी वेगळे. आणि तास मोजलेत का? २६ दिवस आठ तासांची ड्युटी धरली तर या १४,६८० मध्ये तासाला साधारण ७० रुपये पडतात. तीच ड्युटी बारा तासांची असेल तर ४७. म्हणून मी म्हणेन, पगाराच्या आधी पाळी विचारावी.

माझ्या बहिणीला मुलाखतीत मेट्रन मॅडमनी विचारलं, “अपेक्षा किती?” ती म्हणाली, “तुम्ही द्याल ते, मॅडम.” हे वाक्य वर्गात आलं असतं तर आपण म्हटलं असतं, यात बोलणारी व्यक्तीच नाही. पुढच्या मुलाखतीसाठी आम्ही दोघींनी बसून दुसरं वाक्य तयार केलं : “मॅडम, तुमच्याकडे साठ खाटा आहेत. समितीची शिफारस मला माहीत आहे, तेवढं लगेच शक्य नसेल. पण हातात १८,००० मिळावेत, पाळी आठ तासांची असावी आणि सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल असं पत्रात लिहावं.” ‘उद्धट वाटेल गं,’ असं मावशीचं मत पडलं. मला नाही वाटत. त्यात ‘मॅडम’ आहे, कारण आहे, आणि समोरच्याला नाही म्हणायला जागाही आहे. आणखी एक वाक्य मी जोडायला लावलं : “मला मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही बोलता येतं.” चंदगडहून आलेल्या आजीला गोळी जेवणाआधीची की नंतरची हे तिच्या भाषेत समजावता येणं हेही कौशल्यच आहे, आणि आपल्या सीमाभागातल्या मुली ते अर्जात लिहितच नाहीत.

राहिला बाँड. एक-दोन वर्षं सोडून जाणार नाही अशी सही घेतात, आणि काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रंही ठेवून घेतात. मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची. ठेवूनच घेत असतील तर कोणकोणते कागद घेतले, कुठल्या तारखेला घेतले आणि कधी परत देणार, हे लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्यायचं, आणि मगच बाँडवर सही करायची.