चष्म्याचा धडा : स्वमग्न मुलांचे वर्तनशिक्षण

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका मनोरुग्णालयात साडेतीन वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतील नैसर्गिक भिंगे शस्त्रक्रियेने काढावी लागली होती. चष्मा लावला नाही, तर स्पष्ट दृष्टी कायमची जाईल असे नेत्रतज्ज्ञांनी बजावले होते. पण मुलगा चष्मा लावू देईना. तो आकांत करी, स्वतःला इजा करून घेई. त्याला बोलून समजावणे शक्य नव्हते, कारण तो स्वमग्न होता.

स्वमग्नता म्हणजे काय, हे प्रथम पाहू. बाल्टिमोर येथील मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हापासून ही अवस्था वैद्यकशास्त्रात स्वतंत्रपणे ओळखली जाऊ लागली. इतरांशी संवाद साधण्यातील अडचण, ठरावीक क्रमाचा आग्रह, त्याच त्या हालचाली आणि आवाज, प्रकाश वा स्पर्श यांविषयीची निराळी संवेदनशीलता ही तिची मुख्य लक्षणे होत. आईच्या मायेच्या अभावी मूल असे होते, हा एके काळचा समज साफ चुकीचा ठरला आहे. मेंदूचा विकासच येथे वेगळ्या रीतीने होतो व त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. ‘स्वमग्न’ या शब्दानेही कोणी फसू नये. अशा मुलाला माणसे नकोशी असतात असे नव्हे. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट त्याला सापडत नसते.

त्या मुलासाठी वुल्फ, रिस्ले व मीझ या मानसशास्त्रज्ञांनी योजलेला उपाय १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या कृतीचा परिणाम सुखद होतो ती कृती पुन्हा केली जाते, या तत्त्वावर तो आधारलेला होता. बी. एफ. स्किनर यांनी हे तत्त्व प्रयोगशाळेत तपशीलवार अभ्यासले होते. प्रथम खोलीत भिंगे नसलेल्या चष्म्याच्या चौकटी ठेवण्यात आल्या. मुलाने चौकट उचलली की त्याला खाऊचा तुकडा मिळे. पुढे ती हातात धरल्यावर व नंतर डोळ्यांजवळ नेल्यावरच खाऊ मिळू लागला. प्रगती आरंभी फारच मंद होती. चौकट व बक्षीस दोन्ही बदलावी लागली. अखेरीस मुलगा दिवसाचे सुमारे १२ तास चष्मा लावू लागला, आणि घरी परतल्यावरही ही सवय टिकली.

या एका उदाहरणात वर्तनोपचाराची बहुतेक सूत्रे आढळतात : मोठ्या कृतीचे लहान टप्पे पाडणे, प्रत्येक टप्प्याला तत्काळ प्रोत्साहन देणे, प्रगतीची नोंद ठेवणे आणि मूल शिकत नसेल तर आपली पद्धत बदलणे. किशोरवयातही हीच सूत्रे उपयोगी पडतात. शिकवायचे विषय मात्र बदलतात. बसने प्रवास करणे, पैशांचा हिशेब, दाढी करणे, मासिक पाळीतील स्वच्छता, नकोसा स्पर्श नाकारणे हे त्या वयाचे धडे होत.

त्रासदायक वर्तनाविषयीही शास्त्रीय प्रश्न विचारावा लागतो. समजा, शाळेची घंटा वाजली की एक मुलगी किंचाळते. घंटेपूर्वी काय घडले, तिने नेमके काय केले व नंतर काय झाले, यांची काही दिवस नोंद करावी. तो आवाज तिला असह्य होतो असे दिसल्यास तिला रागावण्यात काय अर्थ? आवाज सौम्य करावा, आणि चित्राचे कार्ड दाखवून बाहेर जाण्याची परवानगी मागण्यास तिला शिकवावे. किंकाळीचे काम मग ते कार्ड करू लागते.

या शास्त्राचा इतिहास निष्कलंक नाही. १९६० नंतरच्या दशकात लॉस एंजेलिस येथील काही प्रयोगांत मुलांना विजेचे झटकेही देण्यात आले. तेथेच इव्हार लोवास यांनी १९८७ मध्ये असे प्रसिद्ध केले की, आठवड्यास सुमारे ४० तास शिक्षण मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत इतरांच्या बरोबरीने शिकू लागली. परंतु मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, म्हणून या आकड्यांवर आक्षेप घेण्यात आले. आज खेळातून व नित्य व्यवहारातून शिकवण्यावर भर दिला जातो. मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी असेही सांगितले आहे की, हात हलवण्यासारख्या निरुपद्रवी सवयी दडपल्याने आपल्याला केवळ यातना झाल्या. चष्म्याच्या प्रयोगातही न्याहारीचे घास बक्षीस म्हणून वापरले गेले होते. तसे करण्यापूर्वी आज दहा वेळा विचार करावा लागेल.

भारतात स्वमग्नतेचा समावेश १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात व २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात आहे. विशेष शिक्षक व चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. सेवा स्वीकारण्यापूर्वी पालकांनी ती अवश्य पाहावी. ‘मूल पूर्ण बरे करतो’ असे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहावे, कारण स्वमग्नता हा बरा करून टाकण्याचा आजार नव्हे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न पालकांनी व शिक्षकांनी प्रत्येक धड्यापूर्वी विचारावा : हे शिकून मुलाचे काय भले होणार? चष्म्याच्या धड्याने त्या मुलाची दृष्टी वाचली. केवळ चारचौघांसारखे दिसावे म्हणून दिलेल्या धड्याला असे उत्तर देता येत नाही.