शिंपल्यांचे ड्रेज आणि समुद्रकासव

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापुढे अटलांटिक महासागराच्या तळावर स्कॅलप नावाचा पंख्याच्या आकाराचा शिंपला विपुल सापडतो. तो ज्या साधनाने काढतात त्यास ड्रेज म्हणतात. सुमारे साडेचार मीटर रुंदीची जड पोलादी चौकट आणि तिच्यामागे पोलादी कड्यांची झोळी, असे त्याचे स्वरूप असते. बोट ते तळावरून फरफटत नेते. शिंपले झोळीत साचतात, वाळू कड्यांतून गळून जाते.

न्यूयॉर्कपासून दक्षिणेकडील याच पाण्यात उन्हाळ्यात लॉगरहेड जातीची कासवे चरावयास येतात. बळकट जबड्याने खेकडे व शंखशिंपले फोडून खाणारा हा प्राणी तळाशी वावरतो खरा, परंतु श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. झोळीत अडकलेले कासव गुदमरते, किंवा पोलादाच्या आघाताने त्याचे कवच फुटते. ही जात प्रौढ होण्यास सुमारे तीस वर्षे लागतात. म्हणून मोठे कासव गेले तर त्याची उणीव लवकर भरून येत नाही.

२००६ साली झोळीच्या तोंडावर आडव्या-उभ्या साखळ्या बसविणे सक्तीचे झाले. साखळ्यांमधील अंतर १४ इंचांहून अधिक नसावे, असा नियम होता. शिंपला आत जाई, कासव बाहेर राही. निरीक्षकांच्या नोंदींवरून केलेल्या अंदाजानुसार, पूर्वी वर्षाला सरासरी २८८ कासवे सापडत. पुढील दोन वर्षांत दिसून येणारी संख्या २० वर आली.

पण बाहेर राहिलेले कासव सुखरूप राहिले, असे म्हणता येईल काय? चौकट तळावर त्याच्या अंगावरून गेली, तर ते बोटीवर कोणालाच दिसणार नाही. साखळ्यांमुळे न दिसलेल्या अशा गाठींचा हिशेब धरला, तेव्हा वीसचा आकडा १२५ झाला!

मग चौकटच बदलण्यात आली. जुन्या रचनेत तळ कापणारी दांडी मागे असल्यामुळे कासव चौकटीखाली दाबले जाई. नव्या रचनेत ती पुढे आणली व तिच्यामागे चढण ठेवली, त्यामुळे कासव चौकटीवरून सरकून पलीकडे जाते. मेलेली कासवे तळावर ठेवून व पाण्याखाली कॅमेरे लावून याच्या चाचण्या घेण्यात आल्या. मे २०१३ पासून मोठ्या ड्रेजांना कासवांच्या हंगामात ही रचना सक्तीची झाली. साखळ्याही कायम राहिल्या.