मागच्या ट्रॉलीची खबरदारी

सोलापूर जिल्ह्यात गाळपाचा हंगाम सुरू झाला, म्हणजे मोहोळ, माढा, पंढरपूर, मंगळवेढा या टापूतील रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. आणि ज्याचा चरितार्थ या उसावर चालतो व ज्याला याच रस्त्यांवरून घरच्या मंडळींना घेऊन जावे लागते, अशा माझ्यासारख्या माणसाला या वाहतुकीविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. ट्रॅक्टरच्या निगराणीत सहसा कोणी कसूर करीत नाही. ट्रॉलीकडे मात्र फडातून निघताना कोणी वळूनही पाहत नाही.

गेल्या हंगामात पंढरपूर रस्त्यावर, रात्रीच्या वेळी, माझ्या मोटारीपुढे चाललेल्या एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली चढावर सुटली आणि उलट घरंगळत आली. मधले अंतर पुरेसे असल्यामुळे मला गाडी कडेला घेता आली व ट्रॉली चारीत कलंडली. विजेरीच्या उजेडात पाहिले तेव्हा, दांडीच्या पिनीला अडकवावयाची खिट्टी जागेवर नसून तिच्याऐवजी बांधणीच्या तारेचा एक तुकडा पिळून बसविलेला होता, आणि खड्ड्याखड्ड्याला पिन वर उसळून ती तार झिजत झिजत तुटली होती, असे आढळले. पिन निसटल्यावरही ट्रॉलीला धरून ठेवील अशी साखळी दोन ट्रॉल्यांच्या दरम्यान मुळी नव्हतीच.

म्हणून निघण्यापूर्वी पिन, खिट्टी आणि साखळी ही प्रत्यक्ष हाताने ओढून पाहावी. नुसत्या नजरेवर विसंबू नये. दोनचाकी ट्रॉलीत भार आसाच्या किंचित पुढे असावा. तो मागे गेला, तर दांडी वर उचलली जाऊन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. फार पुढे आला, तर चढावर ट्रॅक्टरचे तोंडच वर होते. शेतात वळणे सोपे व्हावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक स्वतंत्र दिलेले असतात. डांबरी रस्त्यावर येताच ती दोन्ही पेडले कडीने एकत्र जोडलीच पाहिजेत, कारण घाईत एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर त्या अंगाला ओढला जातो आणि मागचा सारा भार त्याला आडवा ढकलतो. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे तर सर्वस्वी त्याज्य होय.

रात्री लोंबते वाढे मागचे दिवे झाकून टाकते. ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या झाकलेल्या दिव्यांची किंमत कळते. बंद पडलेल्या ट्रॉलीभोवती दगड मांडून, काम झाल्यावर ते तसेच टाकून निघून जाण्याची रीत मला सर्वांत निंद्य वाटते. पाठीमागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते दगड अंधारात दिसत नाहीत.

अतिरिक्त भाराबद्दल 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये, अशी दंडाची तरतूद आहे. परंतु दंडाने खिट्टी जागेवर येत नाही. काट्यावर वजनाची नोंद करणाऱ्या कारखान्यांनी, रिकामी ट्रॉली फाटकाबाहेर सोडण्यापूर्वी तिची पिन, साखळी आणि मागचे दिवे तपासण्याची तजवीज याच हंगामापासून करावी, अशी सर्व संचालक मंडळांना माझी आग्रहाची विनंती आहे.