'पर्सोना ४'चा खरा शेवट आणि योमीची कथा

व्हिडिओ गेम हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मलाही पूर्वी पडला असता. परंतु 'पर्सोना ४' हा २००८ सालचा जपानी खेळ मित्राच्या संगणकावर दोन सुट्ट्या खर्चून मी पुरा केला आणि 'पुरा केला' म्हणजे काय, याचाच विचार करावा लागला.

इनाबा या काल्पनिक गावी एक विद्यार्थी वर्षभरासाठी येतो. गावात खून होऊ लागतात. दूरदर्शन संचाच्या काचेपलीकडे धुक्याने भरलेले जग आहे, तेथे त्याची आंतरिक शक्ती देवतेचे रूप घेऊन लढते. तिचे नाव इझानागी. शेवटी खुनी सापडतो, निरोपाचा दिवस येतो. 'घरी जावे काय?' असे खेळ विचारतो. होय म्हटले की नामावली सुरू! मीही होय म्हटले. मात्र ही शक्ती दिली कोणी, हे कळलेच नव्हते.

त्याचे उत्तर ७१२ साली सिद्ध झालेल्या 'कोजिकी' या ग्रंथात आहे. अग्निदेवाला जन्म देताना इझानामी मरण पावते. पती इझानागी तिला आणण्यासाठी योमी या मृत्युलोकी जातो. तिने तेथील अन्न खाल्लेले असते. 'विचारून येते, तोवर मला पाहू नकोस,' असे ती बजावते. त्याला धीर निघत नाही. फणीचा दात मोडून तो पेटवतो, तर समोर किडे पडलेला देह! तो पळत सुटतो आणि योमोत्सु हिरासाका या उतारावर शिळा लावून वाट बंद करतो. पलीकडून ती म्हणते, तुझ्या देशातील हजार माणसे रोज मारीन. तो म्हणतो, मी रोज पंधराशे सूतिकागृहे उभारीन. आपल्या सावित्रीने यमाकडून पती परत आणला, येथे मात्र एका नजरेने सारे गमावले.

निरोपाच्या दिवशी घरी न जाता शोध चालू ठेवला तर उलगडते, की पहिल्याच दिवशी पेट्रोल पंपावर नायकाशी हस्तांदोलन करणारा नोकर म्हणजे वेषांतर केलेली इझानामीच! शेवटची लढाईही योमोत्सु हिरासाका याच नावाच्या ठिकाणी होते आणि ती जणू त्या हजार मृत्यूंचेच हजार शाप करून फेकते.

पण खेळकर्त्यांनी कथा उलटी केली आहे. पुराणात पाहणे हा अपराध, खेळात न पाहणे हा. प्रत्येक मित्रासमोर त्याच्या मनातील नकोशी छाया उभी राहते (ही कल्पना युंग या मानसशास्त्रज्ञाची). 'हा मी नव्हेच' म्हटले की तीच छाया राक्षस होते. माणसांना सत्य नको, धुकेच हवे, असे इझानामी म्हणते, आणि घाईने घरी गेलेला मी तिचाच साक्षीदार ठरलो होतो.

योमीहून परतल्यावर इझानागी स्नान करतो, तेव्हा डाव्या डोळ्यातून अमातेरासू आणि नाकातून सुसानोओ जन्मतात. नायकाच्या दोन मित्रांच्या शक्तींना पुढे हीच नावे मिळतात. यांपैकी सुसानोओ मला नावापुरताच वाटला. अमातेरासू मात्र चपखल आहे, कारण गुहेत दडलेल्या त्या सूर्यदेवीप्रमाणे युकिकोही घरच्या अतिथिगृहाच्या वारशात कोंडलेली असते.

एक गोष्ट मात्र पटली नाही. सत्याच्या बाजूने लढताना खेळाने इझानामीला सरळ शत्रू ठरवले. मूळ कथेत त्या मृत स्त्रीने एकच मागणे मागितले होते, आणि ते मोडले होते इझानागीने.