दोष कोणाचा, जबाबदारी कोणाची?



परकीय सत्तांनी केलेली लूट शिकवताना मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. 'लूट सरकारने केली, मग तिथल्या साध्या माणसांचा काय दोष?' हा प्रश्न टाळू नका. उत्तरासाठी जावाचं उदाहरण घ्या.

आजच्या इंडोनेशियातल्या जावा बेटावर तेव्हा डचांची सत्ता होती. १८३० मध्ये त्यांनी सक्तीच्या लागवडीची पद्धत आणली. गावाने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा कॉफी, ऊस, नीळ अशा सरकारी पिकांसाठी द्यायचा, बदल्यात तेवढा सारा माफ. हे झालं कागदावर! प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी जास्त जमीन गेली, राबणूक वाढली आणि साराही सुटला नाही. भातशेतीकडे बघायला वेळ उरेना. १८४० च्या दशकात मध्य जावात दुष्काळ पडला, माणसं उपाशी मेली.

मग पैसा गेला कुठे? १८५० च्या दशकात डच सरकारच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा या वसाहतीतून येत होता. त्यातून देशाचं कर्ज फिटलं, करांचा बोजा हलका झाला, पुढे रेल्वे बांधली गेली. आता बघा, ॲमस्टरडॅमच्या एखाद्या शाळामास्तराने जावातल्या कोणावर हात उगारला नव्हता. पण तो ज्या गाडीत बसत होता, तिच्या रुळांना जावाच्या शेतकऱ्याचा घाम लागला होता.

१८६० मध्ये 'मुल्तातुली' या टोपणनावाने एडुआर्ड डाउवेस डेकर यांनी 'माक्स हावेलार' ही कादंबरी प्रसिद्ध केली. ते जावात सरकारी अधिकारी होते. रयतेवरच्या जुलमाची तक्रार वरिष्ठांनी ऐकली नाही, म्हणून त्यांनी नोकरी सोडली होती. पुस्तक गाजलं. त्यानंतर 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं म्हणायची सोय वाचकांना उरली नाही. १८९९ मध्ये व्हान डेव्हेंटर या वकिलाने तर लिहिलं की, आपल्या देशावर या वसाहतीचं ऋण आहे आणि ते फेडलं पाहिजे. १९०१ पासून सरकारने शिक्षण आणि पाटबंधाऱ्यांचं धोरण जाहीर केलं. ते अपुरं पडलं, सत्ताही सोडली नाही. पण बोलणाऱ्यांमुळे निदान सुरुवात झाली.

वर्गात मुलांना दोन शब्द वेगळे करून दाखवा. दोष करणाऱ्याचा असतो. जबाबदारी मात्र फायदा घेणाऱ्यावरही येते. ती किती, हे ठरवायला तीन प्रश्न पुरतात:

१. त्याला माहीत होतं का?
२. त्याला फायदा मिळत होता का?
३. त्याला बोलता येत होतं का?

तिसरा प्रश्न विसरू नका. तेव्हा हॉलंडमध्ये मताचा हक्क फार थोड्यांना होता. त्यामुळे गिरणीतला मजूर आणि कॉफीचा व्यापारी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

शेवटी मुलांना सांगा, हेच तीन प्रश्न आज स्वतःला विचारून बघा. आपल्या घरातली एक स्वस्त वस्तू घ्या. ती स्वस्त का, याची किंमत कोण मोजतं? उत्तर लगेच नाही मिळालं तरी चालेल. आपल्या हातात तर मतही आहे आणि आवाजही. मग 'मी काय करणार?' असं म्हणून सुटता येईल का?