25 किलोच्या पोत्यातल्या नोकऱ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "काहीही कर, पण केमिकल कंपनी नको." बोलणारे पुष्कळदा स्वतः केमिकल कंपनीत उभं आयुष्य काढलेले वडील असतात, त्यामुळे त्यांची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नसते. शेजारच्या डोंबिवलीत मे 2016 आणि मे 2024 मध्ये केमिकल कंपन्यांत झालेले स्फोट सगळ्यांच्या लक्षात आहेत. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत रसायन सोडलं गेलं आणि शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला, तेही कुणी विसरलेलं नाही.

पण 'केमिकल' म्हणजे एकच एक नोकरी असं धरून चाललं, तर मुलाला त्यातलं काय जमेल हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. म्हणून या लेखात सगळ्या उद्योगाचा पसारा न मांडता एकाच रसायनाचा माग काढू या. ते आहे सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व. आपण ते ढोकळ्यात चिमूटभर घालतो. कारखान्यात ते 25 किलोच्या पोत्यांनी येतं. त्या पोत्याला कुणाकुणाचे हात लागतात ते पाहिलं, की करिअरचा नकाशा आपोआप उलगडतो.

पोतं येतं कुठून?

लिंबाच्या रसातून हे आम्ल पहिल्यांदा वेगळं काढलं स्वीडनच्या कार्ल शीले यांनी, 1784 साली. पुढे सव्वाशे वर्षं ते लिंबापासूनच बनत राहिलं. 1917 मध्ये जेम्स करी या अमेरिकी संशोधकाने दाखवलं, की ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेपासून भरपूर सायट्रिक ॲसिड तयार करते. दोनच वर्षांत फायझर कंपनीने त्यावर कारखाना उभा केला. आज जगभर हीच पद्धत आहे: मळी किंवा स्टार्चपासूनची साखर, मोठ्या टाक्या, बुरशी आणि हवा. तयार झालेलं आम्ल चुन्याने कॅल्शियम सायट्रेट म्हणून खाली बसवतात, मग गंधकाम्लाने मोकळं करून स्फटिक काढतात.

जगातलं बहुतेक सायट्रिक ॲसिड आता चीनमध्ये बनतं आणि आपल्याकडेही त्याची मोठी आयात होते. त्यामुळे पोत्यामागचा पहिला माणूस असतो खरेदी आणि आयातीची कागदपत्रं सांभाळणारा. रसायन समजणारा आणि हिशेबात पक्का वाणिज्य पदवीधर इथे चांगला रुळतो. ज्या विद्यार्थ्याला जीवशास्त्र आवडतं पण डॉक्टर व्हायचं नाही, त्याच्यासाठी किण्वन, म्हणजे फर्मेंटेशन, हे स्वतंत्र क्षेत्रच आहे. मळीपासून इथेनॉल करणारे साखर कारखाने, प्रतिजैविकं आणि लशी बनवणाऱ्या कंपन्या यांना याच शास्त्राची माणसं लागतात. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानातली पदवी घेऊन पुढे बायोप्रोसेसमध्ये एम.टेक. करता येतं.

पोतं जातं कुठे?

पहिला दरवाजा खाण्यापिण्याचा. सरबतं, जॅम, आंबट गोळ्या, सॉस यांच्या वेष्टनावर 'आयएनएस 330' दिसलं तर ते हेच आम्ल. डेअरीत पनीरसाठी दूध फाडायलाही ते वापरतात. उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत मिठाई, फरसाण, लोणची करणारे लहानमोठे व्यवसाय आहेत. अन्नसुरक्षा कायदा 2006 चा आहे. तेव्हापासून घटकांची नोंद, वेष्टनावरचा मजकूर आणि तपासणी यांचं काम जाणणाऱ्या माणसाची गरज लहान कारखान्यालाही पडू लागली.

दुसरा दरवाजा औषधांचा. पाण्यात फसफसणारी गोळी म्हणजे सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याची जोडगोळी. ओआरएसच्या एका लिटरमध्ये 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. रक्तपेढीच्या 350 मिलिलिटरच्या पिशवीत आधीच 49 मिलिलिटर द्रावण भरलेलं असतं. त्यातल्या सायट्रेटमुळे रक्त गोठत नाही. मूतखड्यावर पोटॅशियम सायट्रेट देतात, तर स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमोक्सिफेन सायट्रेटच्या रूपात दिलं जातं. ही सायट्रेटं बनवणं, वाळवणं, चाळणं, तपासणं हे अंबरनाथ-बदलापूरसारख्या औद्योगिक पट्ट्यातल्या मध्यम कारखान्यांना साजेसं काम आहे.

तिसरा दरवाजा कपड्यांचा. उल्हासनगरची जीन्स देशभर जाते. जीन्सला जुनाट रूप देण्यासाठी सेल्युलेज हे एन्झाइम वापरतात. त्याचा आम्लधर्मी प्रकार साधारण साडेचार ते साडेपाच पीएचलाच नीट चालतो आणि तो पीएच राखायला सायट्रिक ॲसिड उपयोगी पडतं. पण याच शेडमध्ये रंग उडवायला ब्लीचही ठेवलेलं असतं. हायपोक्लोराइटच्या ब्लीचमध्ये कोणतंही आम्ल पडलं की क्लोरिन वायू सुटतो. घरात निरुपद्रवी वाटणारं लिंबूसत्त्व चुकीच्या पिंपात पडलं तर जिवावर बेतू शकतं. वालधुनीच्या प्रदूषणावरून कारवाई झाली, बरीच वॉशिंग युनिटं बंद पडली. जी पुढे टिकतील त्यांना पिंपावर लेबल लावणारा, सांडपाणी मोजणारा आणि नोंद ठेवणारा माणूस ठेवावाच लागेल.

चौथा दरवाजा फारसा कुणाला ठाऊक नसतो. तो यंत्रांचा आहे. औषध कारखान्यातली स्टेनलेस स्टीलची भांडी आणि पाइप यांच्या पृष्ठभागावर राहिलेलं मोकळं लोखंड सायट्रिक ॲसिडने धुऊन काढतात, म्हणजे क्रोमियमचा संरक्षक थर नीट धरतो. याला पॅसिव्हेशन म्हणतात. बॉयलरमधला थर काढायला आणि आरओ प्लांटचे मेम्ब्रेन धुवायलाही हेच आम्ल लागतं. फिटर, वेल्डर किंवा मेकॅनिकल डिप्लोमा झालेल्या मुलाने रसायनाची एवढी ओळख करून घेतली, तर मेन्टेनन्सच्या कामात त्याचं वजन वाढतं.

एक थेंब

या सगळ्या दरवाज्यांवर उभा असतो क्यूसीचा, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा केमिस्ट. पोतं आलं की ते थेट प्लांटमध्ये जात नाही. नमुना लॅबमध्ये येतो. सायट्रिक ॲसिडची शुद्धता तपासायची कृती बारावीच्या मुलालाही समजेल अशी आहे. एक ग्रॅम निर्जल आम्ल पाण्यात विरघळवायचं, फिनॉल्फ्थॅलिन घालायचं आणि ब्युरेटमधून कॉस्टिक सोड्याचं एक नॉर्मल द्रावण सोडायचं. प्रत्येक मिलिलिटर कॉस्टिक म्हणजे 64.04 मिलिग्रॅम आम्ल. माल पूर्ण शुद्ध असेल तर सुमारे 15.6 मिलिलिटरला फिकट गुलाबी रंग येतो.

आता बघा. औषधी दर्जासाठी किमान 99.5 टक्के शुद्धता लागते. आलेला माल आहे 99.3 टक्क्यांचा, म्हणजे परत पाठवण्याचा. ब्युरेटचा एक थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा असतो. घाईत एक थेंब जास्त पडला की उत्तर 99.6 येतं आणि माल पास होतो. कॉस्टिक हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, म्हणून त्याची ताकद आधी तपासून घ्यावी लागते. ती तपासली नसेल तर सगळेच आकडे वाया.

दुसरी गफलत पोत्यावरच्या नावात असते. सायट्रिक ॲसिड दोन रूपांत मिळतं, निर्जल आणि मोनोहायड्रेट. दुसऱ्यात वजनाच्या साडेआठ टक्क्यांहून थोडं जास्त पाणीच असतं. 100 किलो निर्जलच्या जागी 109 किलोंवर मोनोहायड्रेट घ्यावं लागतं, हे स्टोअरमधल्या माणसाला माहीत नसेल तर बॅचचं गणित चुकतं. फसफसणाऱ्या गोळीत ते पाणी गेलं तर गोळी पाकिटातच फसफसू लागते.

या पट्ट्यात मागणी आहे ती नीट मोजणाऱ्याला आणि मोजलं तेवढंच लिहिणाऱ्याला. पदवी मुलाखतीपर्यंत नेते. पुढे मुलाखत घेणारा समोर ब्युरेट ठेवतो.

कोणत्या वाटेने जायचं?

दहावीनंतर: अंबरनाथची शासकीय आयटीआय जुनी आणि परिचित आहे. प्रवेशाच्या वेळी केमिकल प्लांटशी निगडित ट्रेड बघा: अटेंडंट ऑपरेटर, लॅबोरेटरी असिस्टंट, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत आणि दहावीला विज्ञान-गणित लागतं. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करा. ती टाळू नका. पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, म्हणजे आयटीआय ही बंद गल्ली नव्हे. दहावीनंतर थेट केमिकल इंजिनीअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमाही करता येतो.

बारावीनंतर: रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. हा सर्वांत जवळचा रस्ता. उल्हासनगरचं सीएचएम, कल्याणचं बिर्ला महाविद्यालय ही घराजवळची नावं. कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा प्रयोगशाळा पाहा: प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र ब्युरेट मिळतो का, की चौघांत एक? पदवीनंतर औषध कंपनीत ठरावीक अनुभव घेतला, की अन्न व औषध प्रशासनाची मान्यता असलेला केमिस्ट होता येतं. कंपन्यांच्या जाहिरातींत 'एफडीए ॲप्रूव्हड' असं लिहिलेलं असतं, ते हेच. उत्पादनाच्या कागदावर सही करण्याचा अधिकार त्यातून येतो आणि पगाराची उडी बहुधा तिथेच पडते.

अभ्यासात पुढे असलेल्यांसाठी: माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, 1933 पासूनची, जुने लोक अजून यूडीसीटी म्हणतात ती. केमिकल इंजिनीअरिंगखेरीज अन्न, औषधनिर्माण, वस्त्रप्रक्रिया, तेलं आणि डिटर्जंटची रसायनं अशा शाखा तिथे आहेत. आपल्या पोत्याचे जवळपास सगळे दरवाजे एका आवारात. प्रवेश सीईटी किंवा जेईईच्या गुणांवर.

बाजूच्या वाटा: बॉयलर चालवायला राज्याच्या बाष्पके संचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळालेल्या माणसाला रसायन, कापड, अन्न अशा कुठल्याही कारखान्यात काम मिळतं. औद्योगिक सुरक्षेची पदविका आणि सांडपाणी प्रक्रियेचा अनुभव यांनाही चांगले दिवस आहेत.

आईवडिलांच्या शंका

"जिवाला धोका?" सगळ्या कंपन्या सारख्या नसतात, तेव्हा कंपनी पारखून घ्या. मुलाखतीला गेलेल्या मुलाने चार गोष्टी पाहाव्यात. पिंपांवर लेबलं आहेत का? डोळे धुण्याचा नळ आणि सेफ्टी शॉवर आहे का, आणि तो उघडल्यावर पाणी येतं का? नवीन माणसाला पहिल्या दिवशी प्रशिक्षण देतात की सरळ प्लांटवर उभं करतात? प्रत्येक रसायनाचं सुरक्षा-पत्रक फायलीत आहे का? उत्तर टाळलं गेलं तर ती नोकरी सोडलेली बरी.

"मुलीला कसं पाठवायचं?" क्यूसी, आर ॲण्ड डी आणि कागदपत्रांचा विभाग इथे मुली मोठ्या संख्येने काम करतात आणि ही कामं बऱ्याच ठिकाणी जनरल शिफ्टमध्ये चालतात. बदलापूरहून रोज मुंबई गाठण्यापेक्षा घरापासून रिक्षाच्या अंतरावरची लॅब पुष्कळदा सोयीची पडते. येण्या-जाण्याची सोय आणि तक्रार समिती यांबद्दल सरळ विचारा. विचारण्यात गैर काही नाही.

"पर्मनंट असेल का?" सुरुवातीला बहुधा नाही. ठेकेदारामार्फत घेत असतील तरी नेमणुकीचं पत्र, पीएफ आणि ईएसआय यांवर अडून राहा. पहिल्या नोकरीत दोन-चार हजारांसाठी कंपनी बदलू नका. कोणती यंत्रं हाताळायला मिळतील ते पाहून निवडा. जिथे एचपीएलसी, कार्ल फिशर यांसारखी तपासणीची यंत्रं शिकवतात तिथली दोन वर्षं पुढच्या दहा वर्षांना पुरतात.

"धंदा केला तर?" उल्हासनगरच्या मातीत तो आहेच, 1949 मध्ये नाव मिळालेलं हे गाव निर्वासितांच्या दुकानांवर आणि कारखान्यांवर उभं राहिलं. पण रसायनाच्या धंद्यात थेट उत्पादनात उडी नको. आधी दोन-तीन वर्षं नोकरी करा, मग खाद्य दर्जाच्या रसायनांचा व्यापार, बॉयलर-आरओ सफाईची सेवा किंवा लहान चाचणी प्रयोगशाळा असं पायरीपायरीने जा. परवान्यांचा खर्च पहिल्याच हिशेबात धरा.

सुट्टीतला गृहपाठ

प्रवेशाची गर्दी सुरू व्हायच्या आधी मुलांनी तीन कामं करावीत. घरातल्या दहा वेष्टनांवरचे घटक वाचून आयएनएस 330 आणि सायट्रेट कुठे कुठे आहे त्याची यादी करावी. ओळखीतल्या एखाद्या ऑपरेटरशी आणि एखाद्या केमिस्टशी बोलून त्यांचा दिवस कसा जातो ते विचारावं. शक्य झालं तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक टायट्रेशन सलग तीनदा करून तिन्ही आकडे जुळतात का ते पाहावं. न जुळल्यावर मुलगा कंटाळून उठला, तर वाणिज्य, मेन्टेनन्स, आयात असे बाकीचे दरवाजे आहेतच. न सांगता चौथ्यांदा ब्युरेट भरायला लागला, तर पालकांनी "केमिकल कंपनी नको" हे वाक्य एक वर्ष बाजूला ठेवावं आणि त्याला बी.एस्सी.चा किंवा आयटीआयचा फॉर्म भरू द्यावा.